उद्योग सुरू करायची कार्यशाळा : करावी का, कुठली करावी? (डोक्यात लाकडी घाणा आहे)

पलूसकरीण | १२ जून २०२४, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आतापर्यंत वाचनमात्र होते, पहिलाच धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी पलूस तालुक्यातली, जिल्हा सांगली. पतसंस्थेत क्लार्क होते, शाखाच बंद झाली आणि आता चाळिशीला टेकलेय, परत कुणाकडे अर्ज घेऊन फिरायचं जिवावर येतं. घरचा थोडा भुईमूग असतो, आसपास करडई मिळते, घरापुढे रस्त्यालगत दोन खोल्यांची जागा आहे (दिराची आहे, भाडं द्यावं लागेल, फुकट घेतली तर आयुष्यभर ऐकावं लागेल). त्यामुळे लाकडी घाण्याचं तेल हे डोक्यात बसलंय. मिस्टरांचं म्हणणं, आधी नीट शिकून घे, एखादं वर्कशॉप कर, मग कर्जाचं बघू.

तर सध्या माझ्यापुढे तीन गोष्टी आहेत. एक म्हणजे कोल्हापुरात एका हॉटेलात रविवारी 'शून्यातून कोटी' टाइपचा मोफत सेमिनार आहे, व्हॉट्सॅपवर रोज तीनदा आठवण येते. दुसरं सरकारी, म्हणजे एमसीईडीचं (राज्याची उद्योजकता शिकवणारी संस्था) किंवा आरसेटीचं (बँका चालवतात ती ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था) ट्रेनिंग. आणि तिसरं मशीनवाला स्वतःच म्हणतोय की मशीन बुक करा, ट्रेनिंग आम्ही फ्री देतो आणि तयार तेल विकत घेण्याचंही बघू. कुणी यातलं काही केलंय का? वेळ वाया जातो की खरंच काही हाती लागतं? मार्गदर्शन करा.

---

चिंगीची_आई | १२ जून, रात्री १०:०५

ताई, पहिल्याला जाऊ नका एवढंच सांगायला लॉगिन केलं 😄

मी पुण्यात असल्याच एका मोफत सेमिनारला गेले होते, मसाल्यांचं करायचं होतं तेव्हा. सकाळी दहाची वेळ, अकरापर्यंत नुसतं मोठ्ठ्या आवाजात म्युझिक, मग सगळ्यांनी उभं राहून टाळ्या, शेजारच्याला 'तू करोडपती आहेस' असं सांगायचं. माझ्या शेजारी एक काका होते पासष्टीचे, त्यांनी मला अगदी गंभीरपणे सांगितलं आणि मीही त्यांना सांगितलं. मग लिज्जतची ८० रुपयांची गोष्ट झाली, ती तर आपल्याला तोंडपाठच आहे. दुपारपर्यंत धंद्याचा एक आकडा फळ्यावर आला नाही. जेवणाच्या आधी दारं लावून घेतली आणि मग आलं खरं ते, तीन दिवसांचा 'ॲडव्हान्स' कोर्स, मूळ किंमत नव्वद हजार, आज आत्ता भराल तर पस्तीस, पहिल्या वीस जणांनाच, आणि कार्ड मशीन घेऊन पोरं रांगांमधून फिरायला लागली. माझ्या पुढच्या बाईंनी गळ्यातलं गहाण ठेवून भरते म्हणून नवऱ्याला फोन लावला होता हो. मला तेव्हा रागच आला खूप.

पस्तीस हजारात माझी पहिली पल्व्हरायझर (मसाला दळायची मशीन) आली असती.

---

मिरची_लवंगी | १२ जून, रात्री १०:३१

+१ चिंगीची आई. मोफत म्हणजे तिकीट मागाहून.

पण सरकारी ट्रेनिंगचंही फार कौतुक नको. आमच्या एका पाहुण्याने केलं, प्रमाणपत्र फ्रेम करून लावलंय आणि गडी अजून एमआयडीसीत बारा तासाची ड्युटी करतोय. धंदा शिकवून येत नाही, पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही वगैरे.

---

उद्योगमित्र६० | १३ जून, सकाळी ७:१५

मी उद्योजकता प्रशिक्षणाच्या क्षेत्रातच नोकरी केली, आता निवृत्त आहे, त्यामुळे माझं मत थोडं घरचं समजा. मिरची लवंगी म्हणतात त्यात तथ्य आहे पण अर्धंच.

हे जे ईडीपी, म्हणजे उद्योजकता विकासाचं प्रशिक्षण, म्हणतात त्याला आपल्याकडे बराच जुना इतिहास आहे. १९६४ च्या सुमारास डेव्हिड मॅक्लेलंड नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आंध्रात काकीनाड्याला व्यापारी आणि छोट्या उद्योजकांना घेऊन प्रयोग केला. माणसात काही करून दाखवायची ईर्षा असते ती प्रशिक्षणाने वाढवता येते का, हे त्याला बघायचं होतं. पुढे गुजरातने १९७० मध्ये त्यावरून कार्यक्रम उभा केला, १९८३ ला अहमदाबादची उद्योजकता विकास संस्था निघाली आणि १९८८ ला आपली एमसीईडी, म्हणजे महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र, मुख्यालय संभाजीनगर. आजही ईडीपीत खुंटीवर रिंगा टाकायचा खेळ असतो. बघणाऱ्याला वाटतं काय पोरखेळ लावलाय. पण त्यात गंमत अशी असते की किती लांबून टाकायची ते तुम्ही ठरवायचं. काही जण खुंटीला चिकटून उभे राहतात, काही जण हिरोगिरी करत पार भिंतीपाशी जातात. जो मधलं अंतर धरतो, दोन फेकी चुकल्यावर अर्धं पाऊल पुढे येतो, त्याच्याकडे आमचं लक्ष असायचं. मोठ्याने बोलणारा पहिल्या रांगेतला भिडू बहुतेक वेळा भिंतीपाशीच सापडायचा.

तर ताई, कार्यशाळा निवडताना एकच प्रश्न विचारा : बाजार पाहणीला बाहेर पाठवता का आणि कॉस्टिंग माझ्याच मालाचं माझ्याच हाताने करून घेता का? दोन्हीला हो असेल तर जा, मग ती सरकारी असो की खाजगी. आरसेटी लीड बँक (जिल्ह्याची प्रमुख बँक) चालवते, प्रशिक्षण, राहणं, जेवण सगळं मोफत, ग्रामीण भागातल्यांसाठीच आहे, आणि नंतरही दोन वर्षं पाठपुरावा करायचा असं त्यांच्या पद्धतीतच आहे. पाठपुरावा करणारा माणूस कसा निघतो ते मात्र नशिबावर.

---

घाणेवाला | १३ जून, दुपारी १:५०

धाग्याचा विषय दिसला आणि राहवलं नाही. माझा घाणा आहे सातारा जिल्ह्यात, चार वर्षं झाली. लाट (दाणे चेपणारं लाकडी मुसळ) आणि उखळ बाभळीचं, मोटर तीन एचपी.

मशीनवाल्याच्या ट्रेनिंगबद्दल सांगतो. ते घ्याच, पण मशीन चालवण्यापुरतं. घाणी (एका वेळी घाण्यात घालायचे दाणे) किती किलोची भरायची, पाणी किती शिंपडायचं, लाट कधी आवळायची, पेंड कधी काढायची, तेल गाळ बसायला तीनचार दिवस कसं ठेवायचं हे तोच चांगलं शिकवतो कारण मशीन बिघडली तर त्यालाच यावं लागतं. पण 'तयार तेल आम्ही घेऊ' हे ज्या क्षणी बोलला त्या क्षणी सावध व्हा. लेखी काय देतो, कुठल्या भावाने घेणार, क्वालिटी कोण ठरवणार. आणि माझा साधा प्रश्न आहे, त्याला जर तेलाचं एवढं गिऱ्हाईक आहे तर मग तो मशीन कशाला विकतोय.

---

वाळव्याचा_पाटील | १३ जून, दुपारी २:२०

बायबॅकवरून, म्हणजे 'तयार माल आम्हीच घेऊ' यावरून आठवलं. आमच्या मावसभावाने कापसाच्या फुलवातीची मशीन घेतली. एक दिवसाचं ट्रेनिंग, नाश्ता, टोपी, सर्टिफिकेट, कच्चा माल आम्ही देणार पक्का माल आम्ही नेणार, घरबसल्या महिना पंधरा हजार. पहिले दोन लॉट नेले आणि पैसेपण दिले बरं का, त्यामुळे गावातल्या अजून चौघींनी मशीन घेतली. तिसऱ्या लॉटला 'वात सैल आहे' म्हणून रिजेक्ट. चौथ्याला फोन स्विच ऑफ. आता पाच घरांत मिळून पाच मशीन आणि पोतंभर वाती, गणपतीत सगळ्या गल्लीला फुकट.

पहिले दोन लॉट का घेतले ते आता कळतंय.

---

पलूसकरीण | १३ जून, रात्री ९:१०

बाप रे. मशीनवाल्याला आज फोन करून लेखी मागितलं तर 'मॅडम विश्वासावर धंदा चालतो' म्हणाला 🙂 कोल्हापूरचा रविवार कॅन्सल केलाय.

उद्योगमित्र काका, खूप आभार. घाणेवाला दादा, एक विनंती, कॉस्टिंग कसं काढायचं ते जरा समजावाल का? पतसंस्थेत होते म्हणजे आकड्यांची भीती नाही पण नेमकं काय काय धरायचं तेच कळत नाही. यूट्यूबवर सगळे 'लिटरमागे दीडशे सुटतात' एवढंच सांगतात.

---

घाणेवाला | १३ जून, रात्री ११:३०

बसा मग, मोठं आहे.

शंभर किलो शेंगदाणे धरा, ११० ने ११ हजार. लाकडी घाण्याला उतारा ४० ते ४२ किलो तेल, आपण ४१ धरू. पेंड ५५ किलो, बाकी ओल नि गाळ. आता इथे पहिली गोम. तेल निघतं किलोत आणि विकतो आपण लिटरमध्ये. शेंगदाणा तेलाचा एक लिटर भरतो साधारण ९१० ग्रॅम. म्हणजे ४१ किलोचे झाले ४५ लिटर. जो किलोने खर्च काढतो आणि लिटरचा भाव लावतो त्याचं गणित तिथेच वाकडं होतं, आणि गिऱ्हाईक डब्याशी तुलना करताना पंधरा किलोचा डबा की पंधरा लिटरचा हे बघतच नाही.

पेंड ४२ ने गेली तर २३१० आले. ११ हजारातून वजा केले, उरले ८६९०, भागिले ४५ म्हणजे लिटरला १९३ नुसता माल. बाटली, बूच, लेबल, खोकं मिळून २० धरा. शंभर किलो म्हणजे दिवसभराचं काम, एक माणूस ५०० आणि वीज दीडशे, लिटरला साधारण १५. झाले २२८. विक्री ३४० ने, म्हणजे सुटले ११२. यूट्यूबवाला इथे थांबतो आणि टाळ्या घेतो.

आता ज्या गोष्टी तेल विकलं नाही तरी द्याव्याच लागतात त्या मांडा. तुमच्या दिराचं भाडं समजा ८ हजार. पाच लाख कर्ज, ११ टक्के, पाच वर्षं, हप्ता १० हजार ९०० च्या आसपास. फोन, पेट्रोल, किरकोळ मिळून हजार-अकराशे. गोल २० हजार महिना. ते ११२ ने भागा, १८० लिटर. एवढं विकलं की ना नफा ना तोटा, आणि यात तुमचा पगार शून्य आहे. पगार १५ हजार धरला तर ३५ हजार भागिले ११२, म्हणजे ३१३ लिटर.

आणि हे सगळं स्वतः दारात विकलं तर. दुकानदार २० टक्के मागतो. ३४० मधून ६८ गेले, हातात २७२, सुटले ४४. आता परत भागा. २० हजार भागिले ४४ म्हणजे ४५५ लिटर. पगार धरून पावणेआठशेच्या वर जातं. तोच घाणा, तेच तेल, तेच तुम्ही, फक्त गिऱ्हाईक दारात येतं की दुकानात जातं एवढाच फरक. मला हा तक्ता एका कार्यशाळेत एका सरांनी भरायला लावला होता आणि मी त्या रात्री दुकानांना माल द्यायचा प्लॅन फाडून टाकला. त्या एका तक्त्यासाठी मी त्या सरांना आजही दिवाळीला दोन लिटर पाठवतो.

भाव तुमच्याकडचे टाका, माझे धरून चालू नका.

---

चिंगीची_आई | १४ जून, सकाळी ८:००

वाचनखूण साठवली! दादा हे वेगळा लेख म्हणून टाका. माझ्या मसाल्याला तुमचंच गणित लावून बघते आता, पोटात गोळा आलाय.

---

मिरची_लवंगी | १४ जून, सकाळी ८:४५

बरं बाबा, शब्द अर्धे मागे. तक्ता भारी आहे. पण हे गणित बाराखडीइतकं सोपं आहे, त्यासाठी आठवडाभर वर्कशॉपला कशाला जायचं, दादांनी अर्ध्या तासात सांगितलं की इथे.

---

उद्योगमित्र६० | १४ जून, सकाळी ९:३०

गणित सोपंच आहे हो. पण त्यातला '१८० लिटर' हा आकडा कागदावर आला की घरी बसून माणूस म्हणतो, होईल की! कार्यशाळेत दुसऱ्या दिवशी आम्ही वही देऊन बाहेर हाकलायचो, वीस घरं फिरा आणि महिन्याला तेल किती, कुठलं, कितीला आणता ते लिहून आणा. चार माणसांचं घर महिन्याला तीन लिटर आपल्याकडून घेईल असं धरलं तर १८० लिटरला ६० घरं लागतात. फिरून आलेले लोक सांगायचे की घरोघरी पंधरा किलोचा डबा आहे आणि महाग तेल फक्त फोडणीपुरतं, महिन्याला लिटरभर. म्हणजे ६० ची झाली १८० घरं. हे स्वतः फिरल्याशिवाय पटत नाही आणि एकट्याने फिरायला लाज वाटते, गटात नाही वाटत. माझ्या मते वर्गात बसण्याचा खरा उपयोग एवढाच, बाकीचं इंटरनेटवर आहेच.

शिवाय शेजारी बसणारे कामाला येतात. बाटल्या कुठून घ्यायच्या, लेबल कुठे स्वस्त छापतात हे वर्गात चहाच्या सुट्टीतच कळतं.

---

निवृत्त_शाखाधिकारी | १४ जून, दुपारी ४:१०

बँकेच्या बाजूने थोडं, कारण कार्यशाळांमध्ये कर्जाबद्दल सगळ्यात जास्त थापा मारल्या जातात.

प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणलं की बँकेला कर्ज द्यावंच लागतं, असं काही नसतं. आम्ही बघायचो ते सिबिल (आधीच्या कर्जफेडीचा स्कोअर), जागेचे कागद, मशीनचं कोटेशन आणि समोरचा माणूस आपल्या प्रकल्प अहवालातल्या (रिपोर्ट) आकड्यांवर बोलू शकतो का. रिपोर्ट करून देणारे पहिल्या वर्षी साठ टक्के क्षमता, दुसऱ्या वर्षी सत्तर असं छापील टाकतात. तुमच्या घाण्याची साठ टक्के क्षमता म्हणजे दिवसाला शंभर किलोच्या हिशेबाने महिन्याला पावणेसातशे लिटर! मी विचारायचो, हे कुणाला विकणार, नावं सांगा. दहातले आठ जण एजंटाकडे बघायचे.

योजनांचं थोडक्यात, हे २०२४ चे नियम. पीएमईजीपीत (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम) उत्पादन उद्योगाला प्रकल्प ५० लाखांपर्यंत, सेवेला २० लाखांपर्यंत चालतो. ग्रामीण भागातली महिला असेल तर अनुदान ३५ टक्के आणि स्वतःचे फक्त ५ टक्के. मात्र अनुदान हातात पडत नाही, तीन वर्षं बँकेत तुमच्या नावाने अडकून राहतं, युनिट चालू असल्याची पाहणी झाली की मग कर्जखात्यात वळतं. त्यामुळे 'पस्तीस टक्के फुकट' हे धरून हिशेब करू नका, अनुदान नाहीच असं समजून जो धंदा तरतो तोच करा. आणि ही योजना फक्त नव्या युनिटला आहे, उत्साहात आधी मशीन घेऊन बसलात तर मग अर्ज कशाला करायचा! प्रकल्प पाच लाखांवर असेल तर मंजुरीनंतर दहा दिवसांचं ईडीपी करावंच लागतं, दोन ते पाच लाखांत पाच दिवसांचं, दोनच्या आत नाही. ऑनलाइनसुद्धा होतं. म्हणजे तुम्ही आत्ता जी कार्यशाळा करताय ती स्वतःच्या शहाणपणासाठी करा, योजनेसाठी म्हणून नको.

तेल अन्नप्रक्रियेत येतं, त्यामुळे पीएमएफएमई (छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची केंद्राची योजना) सुद्धा बघा, २०२० ला सुरू झाली, तिथेही ३५ टक्के, कमाल १० लाख, आणि आधीपासून चालू असलेल्या युनिटलाही चालते. आपल्याकडे कृषी विभाग बघतो. प्रत्येक जिल्ह्यात अर्जाला मदत करणारी साधनव्यक्ती नेमलेली असते, तिला मोबदला सरकार देतं. कुणी त्या नावाने तुमच्याकडे पैसे मागत असेल तर सरळ उठून या.

---

पलूसकरीण | १४ जून, रात्री ८:५५

सर, 'मशीन आधी घेऊ नका' हे इतकं स्पष्ट कुणीच सांगितलं नव्हतं. मशीनवाला तर म्हणत होता बुकिंग टाका, सबसिडी नंतर काढून देतो.

आज आरसेटीत जाऊन आले. तिथल्या मॅडम चांगल्या वाटल्या. तेलघाण्याची अशी वेगळी बॅच नाही पण पुढच्या महिन्यात उद्योजकतेची सर्वसाधारण बॅच आहे, त्यात बाजार पाहणी आणि प्रकल्प अहवाल दोन्ही आहे. नाव दिलंय. सासूबाई म्हणाल्या आता या वयात वही-पेन घेऊन शाळेत जाणार का, पण जेवण फुकट आहे म्हटल्यावर गप्प बसल्या 😄

लायसनचं काय काय लागतं? उद्यमला (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) तर एका साइटवर १९९९ रुपये मागतायत.

---

घाणेवाला | १४ जून, रात्री ९:४०

थांबा थांबा, पैसे भरू नका! उद्यम नोंदणी पूर्ण फुकट आहे, आधार आणि पॅन लागतं, मोबाइलवर होते. शेवटी गव्ह डॉट इन असलेली साइट बघा, बाकी सगळे दलाल.

अन्न परवान्याचं, २०२४ च्या नियमाप्रमाणे छोट्या उत्पादकाला उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर नोंदणी, वर्षाला १०० रुपये फी. त्यावर गेलात की राज्य परवाना. पण बारा लाख मोठे वाटतात तेवढे नाहीत हां, ३४० चा भाव असेल तर महिन्याला तीनशे लिटरलाच तुम्ही तिथे पोचता. चौदा आकडी नंबर लेबलवर टाकायचा. आणि लोक किटली घेऊन येतात, 'ताई एक लिटर ओता', तसं ओतू नका. सुटं खाद्यतेल विकायला बंदी आहे, सीलबंदच द्यायचं. याशिवाय पॅकबंद मालाला वजनमाप विभागाची पॅकर म्हणून नोंदणी लागते, ५०० रुपये फी. जीएसटी ४० लाखांपर्यंत नको.

लेबलवर 'हृदयासाठी उत्तम', 'शुगर कमी करते' असलं काहीही छापू नका. असे दावे करायला नियम आहेत आणि एका तक्रारीत सगळा लॉट अडकतो. ज्या वर्कशॉपला लेबलवर तासभर देतात ते वर्कशॉप चांगलं समजा.

एक गोष्ट कुठल्याच कोर्समध्ये मला कुणी ठासून सांगितली नाही म्हणून इथे लिहितो. काळे पडलेले, बुरशी आलेले, सुरकुतलेले दाणे निवडून टाका. बुरशीमुळे अफ्लाटॉक्सिन नावाचं विष होतं. रिफाइंड तेलात ते प्रक्रियेत निघून जातं, आपल्या घाण्याच्या तेलात ते काही प्रमाणात उतरतं. स्वस्त मिळाले म्हणून पावसात भिजलेले दाणे घेऊन 'शुद्ध नैसर्गिक' विकणारे आहेत. निवडायला दोन बायका लावल्या तर त्यांची मजुरी वरच्या तक्त्यात वाढवा, मी तुम्हाला ती धरून दिली नव्हती कारण माझ्याकडे आई निवडते. आईचा पगार कुणी धरतं का!

---

चिंगीची_आई | १४ जून, रात्री १०:१५

धरा की दादा आईचा पगार 😠

---

एडिसनकर | १५ जून, पहाटे ४:२०

अवांतर आहे पण लिहितो. आमच्या न्यू जर्सीत घरी बनवून विकायला २०२१ च्या ऑक्टोबरपर्यंत परवानगीच नव्हती, अमेरिकेतलं सगळ्यात शेवटचं राज्य. आता परमिट मिळतं, वर्षाला ५० हजार डॉलरच्या विक्रीची मर्यादा आहे. बायकोने शंकरपाळे, नानकटाई यासाठी काढलं. त्याआधी तिने स्कोर नावाच्या संस्थेचं वर्कशॉप केलं, १९६४ पासून आहे, निवृत्त झालेले धंदेवाले लोक फुकट सल्ला देतात. तिला जे आजोबा मिळाले त्यांनी आयुष्यभर हार्डवेअरचं दुकान चालवलं होतं, शंकरपाळे म्हणजे काय ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, पण पहिला प्रश्न घाणेवाल्यांचाच : एका डब्याला तुझा वेळ किती आणि त्या तासाचे किती डॉलर लावलेस? तिने लावलेच नव्हते. भाव दीडपट झाला आणि गिऱ्हाईक एकही तुटलं नाही, देसी मंडळी कुरकुरतात पण घेतात.

---

मिरची_लवंगी | १५ जून, सकाळी ९:००

धागा हायजॅक व्हायच्या आत मुद्द्यावर येतो. पलूसकरीण, मला वाटतं तुम्ही कर्जच आत्ता काढू नका. घाणेवाल्यांसारख्या कुणाकडे आपले दाणे नेऊन तेल काढून आणा, मजुरी द्या आणि तीन महिने विकून बघा. ६० घरं की १८० घरं ते आपोआप कळेल. मशीन कुठे पळून जात नाही.

---

निवृत्त_शाखाधिकारी | १५ जून, सकाळी १०:२५

मिरची लवंगींशी प्रथमच सहमत. अट एकच, अन्न नोंदणी आणि लेबल पहिल्या बाटलीपासून आपल्या नावाचं हवं, दुसऱ्याकडून काढून घेतलं तरी. विक्री वहीत लिहा आणि पैसे शक्यतो खात्यावर घ्या. तीन महिन्यांचं ते स्टेटमेंट मॅनेजरपुढे ठेवलंत की प्रमाणपत्राची फाइल उघडायची वेळ येणार नाही. फक्त एक बघा, पीएमईजीपीला 'नवं युनिट' लागतं, त्यामुळे याच मार्गाने जायचं तर पीएमएफएमईकडे कल ठेवा आणि आधी जिल्हा उद्योग केंद्रात तोंडी विचारून घ्या.

---

पलूसकरीण | १५ जून, रात्री ९:३०

घरात चर्चा झाली. मिस्टर म्हणाले हे फोरमवाले तुझ्या भावांपेक्षा बरे. पुढच्या महिन्यात आरसेटी, तोपर्यंत घरचे दोन पोती दाणे निवडून ठेवते. वीस घरांची यादी आज केली, त्यात सात घरं नात्यातली निघाली ती खोडली, कारण ती 'हो' म्हणतील आणि पैसे दिवाळीनंतर देतील.

घाणेवाला दादा, व्यनि (खाजगी निरोप) केलाय. तुमच्याकडे घाणीची मजुरी किलोमागे कशी आहे? आणि पेंड तुम्ही ठेवता की परत देता? गणित बदलतंय त्याने.

---

घाणेवाला | १५ जून, रात्री १०:५०

गणित बदलतं हे ओळखलंत, निम्मं वर्कशॉप झालं तुमचं.

दोन्ही पद्धती आहेत. पेंड तुम्ही नेली तर किलोमागे रोख मजुरी, पेंड मी ठेवली तर मजुरी नाही. तुमच्या घरी जनावरं आहेत का? असतील तर पेंड न्या, विकत घ्यायला गेलात तर महाग पडते. नसतील तर सोडून द्या, पन्नास किलो पेंड विकायला गावभर फिरण्यात अर्थ नाही. पण पेंड सोडली तर वरच्या तक्त्यातले २३१० गेले आणि मजुरी-विजेचे साडेसहाशे वाचले, परत मांडून बघा. या शनिवारी नको, लाट बदलायला सुतार येणार आहे, पुढच्या आठवड्यात या. दाणे उन्हात एक दिवस दाखवून आणा, पावसाळी हवेत ओल धरतात आणि उतारा तीनचार टक्क्यांनी पडतो.

---

वाळव्याचा_पाटील | १६ जून, सकाळी ७:४०

दादा करडईचं पण असंच सांगा की, आमच्याकडे ती जास्त.

---

घाणेवाला | १६ जून, दुपारी २:०५

करडईला उतारा कमी, पंचवीस ते अठ्ठावीस किलो शंभराला. टरफल असतं त्यामुळे पेंडीलाही शेंगदाण्याइतका भाव नाही. दाणे स्वस्त म्हणून लोक फसतात, तेच शंभर किलो घाण्यात घालून बाटल्या मात्र तीसच्या आसपास भरतात, म्हणजे मजुरी नि वीज लिटरमागे दीडपट. आणि बी साफ नसेल तर खडा जाऊन लाट झिजते. आधी चाळून, पाखडून घ्या. तुमच्याकडचा करडईचा भाव टाका, संध्याकाळी मांडून देतो.